लाल शिरेचं मीठ

रोज सकाळी, चूल पेटवायच्याही आधी, चकाचक काकू घराच्या मागच्या ओट्यावर जायची आणि दरीपलीकडच्या एका घराच्या दोरीवरचे कपडे मोजायची. ते घर तिच्या लेकीचं. दरी एवढी रुंद की कितीही घसा फोडून ओरडलं तरी आवाज मध्येच कुठेतरी विरून जायचा. पण हवा स्वच्छ असली आणि मुकादमाची दुर्बीण हाताशी असली, तर पलीकडची गच्ची, दोरी, दोरीवरचा एकेक कपडा दिसायचा. दुर्बीण मुकादमाने दोन दिवसांसाठी दिली होती. त्याला आता अडीच वर्षं झाली होती आणि परत मागायची त्याची छाती होत नव्हती.

आपण आजी झालो हेसुद्धा काकूला त्या दोरीवरूनच कळलं होतं. एके दिवशी मोठ्या कपड्यांच्या रांगेत सहा इवलेसे लंगोट दिसले आणि ती ओट्यावर फतकल मारून बसली. मुलगा की मुलगी, यावरून तिचं आणि नवऱ्याचं आठवडाभर वाजलं. "अगं, लंगोटावरून काय कळणार?" तो म्हणायचा. "मुलगीच आहे," ती म्हणायची. कशावरून, ते तिलाही सांगता येत नव्हतं. पुढे झबली दिसली, दुपटी दिसली, पण लंगोट मात्र रोज असायचेच. कधी आठ, कधी दहा. आठाच्या खाली गेले की काकू पुन्हा पहिल्यापासून मोजायची आणि वाढले की ती म्हणायची, पोट बिघडलंय वाटतं पोराचं.

आणि आता नऊ दिवस झाले होते, दोरीवर एकही लंगोट नव्हता.

मोठ्यांचे कपडे होते. लेकीचे, जावयाचे, विहिणीचे. लहानग्याचं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी काकूने मनाला समजावलं, धुवायचे राहिले असतील. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आजोळी... आणि तिथेच थांबली, कारण पोराचं आजोळ म्हणजे हेच घर.

"आत वाळत घातले असतील," नवरा म्हणाला.

"नऊ दिवस? आणि बाकीचे बाहेर?"

नवरा गप्प बसला. तो खाणीत तीस वर्षं मीठ तोडून गुडघा गमावून घरी बसला होता आणि जिभेचा मोठा तिखट होता. तो गप्प बसला की काकूला जास्त भीती वाटायची.

दरी ओलांडायची तर ढगम्हैस पाहिजे, दुसरा मार्गच नाही. दरीच्या तळाशी बारा महिने धुकं, आणि त्यात उतरलेला माणूस वर आल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही. ढगम्हैस म्हणजे आपली म्हैसच म्हणा, फक्त घराएवढी, शिंगं नसलेली आणि हवेत तरंगणारी. पंखबिंख काही भानगड नाही. पोट फुगवायचं, वर जायचं. पोट आत घ्यायचं, खाली यायचं. स्वभाव मात्र अस्सल म्हशीचा. मनात आलं तर हलेल, नाही आलं तर जग बुडालं तरी ढिम्म. चारा पलीकडच्या पठारावर आणि मीठ अलीकडच्या कड्यावर, त्यामुळे थंडीचे दोन महिने त्यांचा कळप रोज ये-जा करायचा आणि त्यांच्या पाठीवर झोळ्या बांधून माणसंही ये-जा करायची. इकडून मीठ जायचं. तिकडून धान्य, तेल, कापड, औषधं यायची. पलीकडच्या मुलखात मिठाचा खडा औषधालाही सापडत नाही. मीठ मिळालं नाही की तिथल्या माणसांच्या पायात गोळे येतात, हात उचलत नाहीत, गुरं आटतात. आणि धान्य आलं नाही तर इकडच्यांनी काय मीठ खाऊन जगायचं? तीन वर्षं गाव कड्यावरच्या वाफ्यांत बटाटे काढून कसेबसे दिवस ढकलत होता.

कारण तीन वर्षं ढगम्हशी थांबत नव्हत्या. यायच्या, नाही असं नाही. थंडी पडली की कळप आभाळातून जाऊ लागायचा. एखाद-दुसरी खाली उतरायची, कड्याच्या टोकावरच्या चाटणकट्ट्यावर मांडलेल्या मिठाला एकदा जीभ लावायची, आणि पोट फुगवून चालती व्हायची. आठ-दहा दिवस हे चालायचं. मग सगळा कळप उत्तरेकडच्या डोंगरांत गडप, तो पुढच्या वर्षापर्यंत.

गावात तर्कांना तोटा नव्हता. वारा बदलला. कोणीतरी म्हशीला दगड मारला. मुकादमाचं म्हणणं होतं की आपल्या मिठात अजून कुठेतरी कसर राहतेय. म्हणून दरवर्षी कट्ट्यावरचं मीठ आणखी एक पाणी जास्त धुतलं जायचं.

मीठ धुण्याची युक्ती काकूचीच. तिचं नावही त्यावरूनच पडलं. खाणीतलं मीठ हौदात विरघळवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढून कढईत आटवायचं. मग पुन्हा तेच. तिसऱ्या पाण्याला असं पांढरं मीठ निघायचं की डोळे दिपावेत. साच्यात दाबून त्याच्या विटा पाडल्या की पलीकडचे व्यापारी हातात घेऊन नुसते बघत राहायचे. काकू हौदावर उभी राहून एकच शब्द म्हणायची, "चकाचक पाहिजे." झालं, ती चकाचक काकू झाली. तिला ते आवडायचंही.

सुरुवातीला विकायचं मीठ तेवढं धुवायचे. ढगम्हशींना मात्र लाल शिरेचं कच्चं मीठ घालायचे, खाणीत थंडीच्या पहिल्या दिवशी तोडलेलं. बापजाद्यांपासून तसंच चालत आलेलं. मग लेकीचं लग्न झालं, आणि सासरी निघायच्या दिवशी विहीण झोळीत बसता बसता कट्ट्याकडे बघून म्हणाली, "ज्यांच्या जिवावर सगळं चालतं, त्यांना तुम्ही हा चिखल घालता होय?" आणि तिने नाक मुरडलं. बस, एवढंच. पण काकूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी ती मुकादमाच्या दारात उभी. त्यालाही पटलं, सगळ्यांनाच पटलं. पाहुण्यांना मळकं वाढायचं हे त्या गावाच्या रक्तातच नव्हतं. पुढच्या थंडीपासून कट्ट्यावर पांढऱ्या विटा लागल्या. लाल शीर कितीही धुतली तरी गुलाबी झाक राहते, म्हणून ती फळ्या ठोकून बंद करून टाकली.

दहाव्या दिवशीही दोरी तशीच. काकूने दुर्बीण खाली ठेवली आणि उगाच हाताला काम हवं म्हणून शेळीला मीठ घालायला गेली. शेळी गाभण होती आणि काही दिवसांपासून तिची लक्षणं धड नव्हती. काकूने तिच्यापुढे पांढऱ्या विटेचा तुकडा ठेवला. शेळीने हुंगला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. मग दावं ताणून ताणून हौदाच्या गटारापाशी गेली. धुण्याचं लाल पाणी तिथून वाहून जायचं आणि कडेला त्याचा पापुद्रा धरायचा. शेळी तो पापुद्रा खरवडून खरवडून चाटू लागली.

"अगं मेले, गटार काय चाटतेस? तुझ्यापुढे काय ठेवलंय बघ तरी."

"डोहाळे लागलेत तिला," नवरा ओट्यावरून म्हणाला. "आमची आई असं म्हणायची, गाभण जनावर अंगाला हवं तेच बरोबर शोधून काढतं."

काकू शेळीला ओढणार होती, ती तशीच थांबली. मग इकडे तिकडे बघून गुडघ्यावर बसली, पापुद्र्याला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट, पण नुसतं खारट नाही. थोडं कडसर, थोडं लोखंडासारखं, आणि मागून काहीतरी असं की पुन्हा बोट लावावंसं वाटावं. तिने पुन्हा लावलं. मग पांढऱ्या विटेचा तुकडा चाटला. तो नुसता खारट होता. टोचणारा, कोरडा.

ती गटाराशेजारीच बसून राहिली. आधी तिला राग आला तो विहिणीचा. असा आला की ती समोर असती तर काही खरं नव्हतं. मग हळूहळू लक्षात आलं की विहिणीने नुसतं नाक मुरडलं होतं. हौद आपण बांधले. हट्ट आपण धरला. मळ म्हणून जे पाण्याबरोबर सोडून दिलं, त्याच्यासाठीच ती जनावरं दरी ओलांडून येत होती. आणि ती थांबली नाहीत म्हणून लेकीचं बाळंतपण तिकडे एकटीचं झालं, नातवंडाचं तोंड दिसलं नाही. आता त्या पोराचं काही बरंवाईट झालं असेल तर तेही आपल्याच हाताने.  नवऱ्याने दोनदा हाक मारली, तिने ओ दिली नाही.

गुपचूप चार ढेकळं नेऊन कट्ट्यावर ठेवावीत, कोणाला काही कळायचं नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा. पण चार ढेकळांनी कळप थांबत नसतो. लाल शीर उघडायला हवी होती, आणि तिला वीस माणसं लागणार होती. कळप जायला फार तर तीन दिवस उरले होते.

मिठागराच्या अंगणात सकाळची मंडळी जमली होती. काकू मधोमध जाऊन उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं. शेळी, गटार, चव, सगळं. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे. तुमच्यापैकी कोणाची नाही. मी म्हटलं म्हणून तुम्ही धुतलंत."

 मग मुकादमाने घसा साफ केला. "काकू, एका शेळीच्या सांगण्यावरून आपण पाहुण्यांपुढे गटार वाढायचं म्हणता?"

"गटार नाही, लाल शीर. पूर्वी घालायचो तीच."

"आणि तुमचा अंदाज चुकला तर? अपमान समजून कळप कायमचा फिरकला नाही तर?"

"तीन वर्षं तो तसाही कुठे थांबतोय? चुकला तर मला कड्यावरून ढकलून द्या."

"ढकलायला तुम्ही कड्याजवळ यायला हव्यात ना," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघं-चौघं हसली. काकूला उंचीची एवढी धास्ती की कड्याच्या वीस पावलांच्या आत ती कधी गेली नव्हती. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हसली नाही ती कढईवाली. मीठ आटवायच्या मोठ्या कढईवर काम करणारी ही तरुण बाई. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी धान्य आणायला पलीकडे गेला होता. ती काकूच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"तीन वर्षं, काकू," ती म्हणाली.

काकूला मान वर करवेना.  कढईवालीने भिंतीजवळचं घमेलं उचललं आणि खाणीच्या दिशेने चालू लागली. तिच्या मागून एकेक जण निघाला. मुकादम सगळ्यात शेवटी.

लाल शीर नेमकी कुठे बंद केली ते काकूच्या नवऱ्याइतकं कोणालाच आठवत नव्हतं. त्याला खुर्चीत बसवून आत नेला. "इथे नाही, पुढे. अजून पुढे. अरे, मीठ तोडतोय, दात काढत नाहीये, जोरात मार," असं त्याचं सुरू झालं आणि गडी वैतागून दुप्पट जोराने कुदळी मारू लागले. संध्याकाळपर्यंत खाणीच्या तोंडाशी लाल ढेकळांचा ढीग लागला.

कट्ट्यावरच्या पांढऱ्या विटा काकूने कोणालाच उचलू दिल्या नाहीत. त्या माझ्या शब्दावरून लागल्यात, मीच काढणार. विसाव्या पावलाशी ती थांबली, खाली बसली, आणि बसल्या बसल्याच सरकत सरकत कट्ट्यापर्यंत गेली. दरीकडे पाठ करून एकेक वीट मांडीवर घ्यायची आणि तशीच सरकत मागे यायची. लुगड्याची मागची बाजू फाटली. लोकांनी बघितलं, पण त्या दिवशी कोणी तिची चेष्टा केली नाही.

दुसरा सगळा दिवस आभाळ रिकामं गेलं. त्याच्या पुढच्या सकाळी, बाराव्या दिवशी, कळपाचं शेपूट आलं. पंधरा-सोळा म्हशी, फार उंचावरून चाललेल्या. त्यातली एक म्हातारी, कानाला खाच पडलेली, रेंगाळली. पोट आत घेत घेत खाली आली आणि कट्ट्यावर उतरली. अख्खा गाव श्वास धरून उभा. तिने नाक लाल ढेकळाजवळ नेलं. जीभ लावली. डोकं वर केलं.

मग जीभ पुन्हा खाली आली. पुन्हा आली. म्हातारीने पुढचे दोन्ही पाय दुमडले, नीट बैठक मारली आणि डोळे मिटून चाटायला लागली. वरच्या म्हशी वळल्या. दुपारपर्यंत कट्ट्यावर उभं राहायला जागा उरली नव्हती आणि उत्तरेकडून परत फिरलेल्या आणखी दिसत होत्या. कोणी आरडाओरडा केला नाही. मुकादम डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर बसला आणि टोपीनेच तोंड पुसत राहिला.

पोट भरल्यावर म्हशी चाऱ्याला पलीकडे जाणार, हे ठरलेलं. म्हातारीवर पहिली झोळी बांधली. झोळीत दोन माणसांची जागा. पहिली कढईवाली बसणार याबद्दल कोणाला विचारायचीही गरज नव्हती. ती बसली आणि तिने काकूकडे बघितलं.

"चला, काकू."

"मी? अगं, मला नाही जमायचं. मला इथूनच गरगरतंय."

"डोळे मिटून घ्या. मी धरते."

काकूने नवऱ्याकडे बघितलं. तो काठी टेकत तिथवर आला होता. "जा," तो म्हणाला. "काय असेल ते असेल. बघून ये. रोज सकाळी त्या दुर्बिणीपाशी तुझं तोंड बघवत नाही मला."

तिने लाल मिठाची एक पिशवी छातीशी धरली आणि डोळे मिटून बसली. म्हैस उठली तेव्हा तिने पिशवीत तोंड खुपसलं. पुढे सबंध वाट तिने काही बघितलं नाही. वारा लागत होता, म्हशीच्या अंगाचा उबट वास येत होता, आणि कढईवालीचा हात तिच्या दंडाभोवती घट्ट होता. मध्येच तो हात सैल पडला, तेव्हा काकूनेच तो दुसऱ्या हाताने धरला.

पलीकडच्या कड्यावर सगळा गाव पळत आलेला. माणसं वाळलेली, गालफडं बसलेली. गर्दीत कढईवालीला तिचा नवरा सापडला की नाही ते बघायला काकू थांबली नाही. रस्ता तिला पाठ होता. अडीच वर्षं रोज सकाळी ती तो बघत आली होती. तिसऱ्या गल्लीत, चढावरचं दुसरं घर. दार उघडंच होतं आणि दारात लेक उभी होती, निम्मी झालेली. ती हाक मारायला तोंड उघडणार, तोवर काकूच बोलली.

"लंगोट कुठे आहेत?"

"काय?"

"दोरीवर बारा दिवस लंगोट नाहीत. पोर कुठे आहे? काय झालंय त्याला? सांग लवकर, माझ्यात आता दम नाही."

लेक क्षणभर बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. "अगं आई, सुटले तिचे लंगोट. आता सांगते ती. बारा दिवस झाले, एकदाही चुकली नाही. आणि थंडी पडल्यापासून तिची झबली चुलीपाशी वाळवते मी."

काकू उंबऱ्यावर खाली बसली.  लेकीच्या मागून एक डोकं बाहेर आलं. मोठे डोळे, काटक्यांसारखे हातपाय. मुलगी. काकूने म्हटलंच होतं.

"तुला दिसत होती दोरी?" लेकीने विचारलं. "खरंच दिसत होती? घरामागे चांगलं ऊन असतं. पुढे दुपारनंतर येतं, कपडे कधी धड वाळत नाहीत. सासूबाई रोज ओरडायच्या. पण मी म्हटलं, नाही, दोरी दरीकडेच बांधायची."

"एकेक कपडा मोजलाय मी," काकू म्हणाली. मग पिशवी मांडीवर घेऊन, खाली बघत, तिने लेकीला सगळं सांगितलं. अंगणात सांगितलं होतं तसंच. फक्त विहिणीचं नाक तेवढं वगळलं. "माझ्यामुळे थांबल्या नव्हत्या त्या. माझ्या पांढऱ्या मिठामुळे."

 "बाळंतपणात मी तुला हाका मारल्या," लेक म्हणाली. "दरीकडे तोंड करून. घसा बसेपर्यंत."

 काकूने हात पुढे केला. त्याला लाल मीठ लागलेलं होतं, नखांत, रेषांत, सगळीकडे. लेकीने तो धरला नाही आणि झटकलाही नाही. ती शेजारी उंबऱ्यावर बसली, खांद्याला खांदा लागेल अशी.

पोरगी मात्र पुढे आली. घरातलं उरलंसुरलं मीठ चिमटीने मोजून भांड्यात पडायचं. नुसतं मीठ तिने जन्मात चाटलं नव्हतं. तिने काकूचं बोट हुंगलं, जीभ लावली आणि असं तोंड केलं की लेकीला हसू आवरेना. मग काकूचा हात दोन्ही हातांनी धरून ती चाटू लागली. बोटं झाली, तळवा झाला. सगळं संपल्यावर तिने काकूच्या दुसऱ्या हाताची मूठ उघडून बघितली, तिथेही आहे का म्हणून.